एलएसईचा समर कोर्स आणि लंडन : तीन आठवडे पुरवायचे कसे

एसवाय संपलं त्या उन्हाळ्यात मी लंडनला एलएसईच्या समर स्कूलला जाऊन आले, आणि तेव्हापासून ज्युनिअर मुलामुलींचे मेसेज सुरूच आहेत की ताई खर्च किती आला, व्हिसाला काय काय लागतं, अभ्यासातून फिरायला वेळ मिळतो का. प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतेय. लांबलंय, पण पैसे मोठे आहेत आणि हातात दिवस फक्त एकवीस, त्यामुळे शेवटपर्यंत वाचा.

आधी हे नेमकं काय आहे ते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, म्हणजेच एलएसई, १९८९ पासून उन्हाळ्यात समर स्कूल चालवतं. जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत तीन सेशन असतात, प्रत्येक तीन आठवड्यांचं, आणि एका सेशनमध्ये एकच कोर्स घ्यायचा. फायनान्स, इकॉनॉमिक्स, इंटरनॅशनल रिलेशन्स, लॉ, मॅनेजमेंट असे बरेच विषय आहेत. परीक्षा होते, ग्रेड मिळते, ट्रान्सक्रिप्ट मिळते. टूर कंपन्या 'समर प्रोग्रॅम' म्हणून ज्या सहली विकतात त्यातलं हे नाही, इथे मार्क कमी पडले तर कमीच पडतात.

सेशन कुठलं घ्यायचं हे आपल्याकडच्या मुलांनी आपल्या परीक्षा बघून ठरवायचं. आपली सेमिस्टर परीक्षा एप्रिल-मे मध्ये, कधी कधी जूनपर्यंत लांबते, आणि नवीन वर्ष जून-जुलैला सुरू होतं, त्यामुळे बहुतेकांना पहिलं सेशनच सोयीचं पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या सेशनला गेलात तर इथली अटेंडन्स बुडते. मी फॉर्म भरायच्या आधीच आमच्या एचओडी मॅडमना भेटून सांगून ठेवलं होतं, लेखी अर्जावर सही पण घेतली होती, आणि ती सही पुढे दोनदा कामाला आली, एकदा व्हिसाच्या फाईलला आणि एकदा परत आल्यावर अटेंडन्सच्या वेळी. क्रेडिटचं, म्हणजे हा कोर्स आपल्या कॉलेजच्या मार्कांत धरतील का, ते पण तेव्हाच विचारून घ्या. परत आल्यावर ट्रान्सक्रिप्ट घेऊन ऑफिसात उभं राहिलं की कोणी काही करत नाही, आधी मंजुरी असेल तर मार्ग निघतो.

आता कोर्स निवडणं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कोर्सना १००, २००, ३०० अशा लेव्हल असतात. १०० म्हणजे ओळख करून देणारा, २०० ला आधीचं काहीतरी येत असलं पाहिजे, ३०० म्हणजे चांगलाच अवघड. नावाला भुलून वरच्या लेव्हलचा कोर्स घेऊ नका, प्रत्येक कोर्सच्या पानावर आधी काय शिकलेलं हवं ते स्पष्ट लिहिलेलं असतं, मायक्रोइकॉनॉमिक्स हवं, कॅल्क्युलस हवं, स्टॅटिस्टिक्स हवं वगैरे. पण उलटी चूकही करू नका, म्हणजे आपल्याला जे कॉलेजात शिकवून झालंय तेच सोपं पडेल म्हणून परत घेणं. एवढे पैसे घालून तेच काय शिकायचं? मी इकॉनोमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्रातले प्रश्न तपासायचा विषय, घेतलं कारण आमच्याकडे तो पेपर फक्त थिअरीने होतो, डेटा हातात घेऊन कोणी करून घेत नाही. मागच्या वर्षीचा सिलॅबस वेबसाइटवर मिळाला तर बघा, आणि पुस्तकाचे पहिले दोन-तीन धडे मे महिन्यातच इथे घरी बसून वाचून जा. हे एक केलंत तरी पहिला आठवडा श्वास घेता येतो.

अर्ज ऑनलाइन असतो. मार्कशीट लागतात, इंग्रजीचा पुरावा लागतो, ज्यांचं शिक्षण इंग्रजी मीडियमने झालंय त्यांनी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेला पैसे घालण्याआधी ईमेल करून विचारावं की कॉलेजचं पत्र चालेल का. अर्ज येतील तसे बघत जातात त्यामुळे शेवटच्या तारखेची वाट बघू नका, जानेवारी-फेब्रुवारीत भरून टाका, लोकप्रिय कोर्स भरतात.

पैशांचं सरळ सांगते. एका कोर्सची फी तीन हजार पौंडांच्या आगेमागे धरा, त्या वर्षीचा नेमका आकडा साइटवर बघा. राहायचं वेगळं, जेवायचं वेगळं. हॉस्टेलची खोली तीन आठवड्यांना दीड ते दोन हजार पौंडांपर्यंत जाऊ शकते, वर विमान, व्हिसा, इन्शुरन्स, जेवण, प्रवास. पौंड ११५-१२० रुपये धरला तर सगळं मिळून सात-आठ लाखांची तयारी ठेवावी लागते. घरच्यांवर कर्जाचा डोंगर करून तीन आठवड्यांसाठी जाऊ नका, हे मी मनापासून सांगते. तेच पैसे पुढे मास्टर्सला जास्त उपयोगी पडतील. आणि ज्यांनी जर्मन शिकलंय त्यांनी आधी डाड (डीएएडी) या जर्मन संस्थेची समर कोर्सची स्कॉलरशिप बघावी, ती जर्मनीतल्या युनिव्हर्सिटीतल्या उन्हाळी भाषा कोर्ससाठी असते आणि भारतातल्या मुलांना मिळते.

फी बँकेतून परदेशी पाठवताना ए-टू फॉर्म भरावा लागतो, पॅन लागतं, आणि बँकेत पहिल्यांदाच करत असाल तर एक अख्खा दिवस जातो हे धरून चला. एप्रिल २०२५ पासून वर्षाला एकूण दहा लाखांपर्यंत टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते तो कर, लागत नाही, त्यामुळे एवढ्या रकमेत बहुतेक घरांना तो प्रश्न येत नाही, पण त्याच वर्षात वडिलांच्या पॅनवरून आणखी काही परदेशी पाठवलं असेल तर ते धरून बघा.

व्हिसा. सहा महिन्यांपेक्षा कमी कोर्सला स्टुडंट व्हिसा लागत नाही, स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसावर शिकता येतं. टीबीची टेस्ट लागत नाही. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपासून अर्ज करता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे धरतात, पण मे-जूनला गर्दी असते म्हणून मी म्हणेन एप्रिलच्या सुरुवातीला बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) करून मोकळे व्हा, व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएसचं सेंटर पुण्यात आहे, मुंबईला जायची गरज नाही. फाईलमध्ये मी लावलेले कागद : एलएसईचं ऑफर लेटर आणि फी भरल्याची पावती, हॉस्टेलचं बुकिंग, कॉलेजचं बोनाफाईड आणि जुलैत परत वर्गात येणार आहे असं पत्र, बाबांचे सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयटी रिटर्न, आणि बाबांनी सही केलेलं पत्र की खर्च मी करतोय. स्टेटमेंटमध्ये अचानक मोठी रक्कम आलेली दिसली तर ती कुठून आली ते कागदासकट सांगा. आमच्या बाबतीत काकांनी मदत म्हणून पैसे टाकले होते, तर त्यांचंही पत्र आणि त्यांचं स्टेटमेंट लावलं. व्हिसा देणाऱ्यांना तुम्ही भारतात परत येणार याचं कारण दिसलं पाहिजे, बाकी काही नाही.

या व्हिसावर तिथल्या सरकारी दवाखान्याची सोय फुकट धरू नका, ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्याच, आणि जुनं दुखणं असेल तर ते त्यात कव्हर होतं का ते वाचून घ्या.

सामान भरताना आईशी थोडं भांडावं लागतं. भारतातून ब्रिटनमध्ये दूध-दुभत्याचं आणि मांसाचं काहीही नेता येत नाही. म्हणजे तुपाची बाटली नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही. ताजी फळं-भाज्या पण सर्टिफिकेटशिवाय नाहीत, त्यामुळे हापूसची पेटी मावशीला न्यायचं कबूल करू नका. आईने तूप बॅगेत टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलं होतं, मी रात्री अकराला काढलं आणि ती खरंच हिरमुसली. मग आम्ही दोघींनी बसून मेतकूट, भाजणी, शेंगदाण्याची चटणी, पोहे, आणि सांगलीचे उडदाचे पापड भरले. तिथला प्लग जाड तीन चौकोनी पायांचा असतो, आपला बसत नाही, ॲडॅप्टर इथूनच घेऊन जा. जुलै असला तरी एक जाड स्वेटर आणि छत्री. संध्याकाळी वारा सुटला की आपल्याकडच्या डिसेंबरसारखं वाटतं.

कार्डाची गोष्ट नीट वाचा. मला जिथून फॉरेक्स कार्ड (आधी पौंड भरून ठेवायचं कार्ड) मिळालं त्यांनी 'सगळं चालू आहे' सांगितलं, आणि हीथ्रोवर मेट्रोच्या गेटला कार्ड टेकवलं तर लाल दिवा. कॉन्टॅक्टलेस, म्हणजे नुसतं टेकवून पैसे भरायची सोय, चालूच केलेलं नव्हतं. मागे लोकांची रांग, दोन बॅगा, आणि फोनला अजून नेटवर्क नाही. शेवटी बाजूला होऊन एअरपोर्टच्या वायफायवर ॲप उघडून ते बटण चालू केलं आणि मग जमलं. त्यामुळे निघायच्या आधी इथेच ॲपमध्ये इंटरनॅशनल आणि कॉन्टॅक्टलेस दोन्ही चालू आहे का बघा, घरचं डेबिट कार्डही चालू करून ठेवा, दोन कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा.

हीथ्रोवरून मेट्रोची पिकॅडिली लाईन थेट एलएसईजवळच्या होलबर्न स्टेशनला जाते, तासभर लागतो, टॅक्सीचा विचारही करू नका. इमिग्रेशनला आपल्याला ऑटोमॅटिक गेट नाही, काउंटरवरच जायचं, ऑफर लेटर आणि राहायचा पत्ता हातातल्या बॅगेत प्रिंट काढून ठेवा. ट्यूबला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, आत जाताना आणि बाहेर पडताना दोन्हीकडे कार्ड टेकवायचं, बसमध्ये फक्त चढताना. डीएलआर या छोट्या लोकल रेल्वेच्या बऱ्याच स्टेशनांना गेटच नसतं, तिथे बाहेर पडताना टेकवायचं विसरलं की जास्तीचे पैसे कापतात. रोज एकच कार्ड वापरा म्हणजे दिवसाची कमाल मर्यादा लागते आणि त्यापुढे पैसे कापले जात नाहीत. बस पावणेदोन पौंडांना आहे आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात दुसरी बस पकडली तर तिचे पैसे नाहीत. मी बसच वापरली जास्त, वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसून शहर समजतं, ट्यूबमध्ये काय, सगळीकडे अंधारच.

आता अभ्यास. रोज साधारण तीन तास लेक्चर आणि बहुतेक दिवशी त्यावर दीड तासाचा छोट्या गटाचा क्लास. लेक्चरला मोठा हॉल असतो, क्लासमध्ये पंधरा-वीस जण आणि तिथे प्रॉब्लेम सेट, म्हणजे घरी करायला दिलेली गणितं, सोडवून यायचं असतं. न सोडवता गेलं तर कोणी ओरडत नाही, पण तो दीड तास पूर्ण वाया जातो कारण काय चाललंय तेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या क्लासमध्ये सरांनी रिग्रेशनचं (दोन गोष्टींचा संबंध आकड्यांत मोजायच्या पद्धतीचं) आउटपुट पडद्यावर लावलं आणि विचारलं की या आकड्यावर तुमचा विश्वास का बसावा, आणि मी गप्प बसले, कारण आपल्याला उत्तर माहीत असेल तरच हात वर करायची सवय. शेजारच्या ब्राझीलच्या मुलीने चुकीचं उत्तर दिलं, सरांनी त्यावरूनच वीस मिनिटं शिकवलं, आणि मला ते वीस मिनिटं अजून जसेच्या तसे आठवतात. तिसऱ्या दिवसापासून मी बोलायला लागले. तुम्ही पहिल्या दिवसापासून बोला.

मध्ये एक टेस्ट किंवा निबंध असतो, शेवटी परीक्षा. मधली टेस्ट दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येते, त्यामुळे पहिला वीकेंड फिरून घ्या, मधला अभ्यासाला ठेवा. लायब्ररी बघण्यासारखी आहे, आत गोल फिरत वर जाणारा उतार आहे, आणि समरच्या मुलांना आत जाता येतं.

आणि आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. लंडनमध्ये जुलैच्या सुरुवातीला सूर्य सव्वानऊ-साडेनऊला मावळतो. म्हणजे पाचला क्लास सुटला तरी चार-सव्वाचार तास उजेड आहे. आपल्याकडच्या लोकांना हे डोक्यात बसत नाही, ते संध्याकाळ झाली म्हणून रूमवर जातात आणि सगळं फिरणं शनिवार-रविवारी कोंबतात, तेव्हा सगळीकडे रांगा. तुम्ही फिरणं संध्याकाळवर ठेवा आणि अभ्यास सकाळी सहाला उठून करा, उजाडलेलंच असतं तेव्हा. असं केलं की तीन आठवड्यांत पंधरा संध्याकाळी मिळतात, आणि त्या बऱ्याचशा फुकट आहेत.

एलएसईचा कँपस शहराच्या अगदी मध्यावर आहे, चालतच सगळं होतं. पलीकडेच ऑल्डविचला इंडिया हाऊस, म्हणजे आपलं हायकमिशन. स्ट्रँड ओलांडून वॉटर्लू ब्रिजवर जा आणि मध्यावर उभं राहा, एका बाजूला पार्लमेंट आणि दुसऱ्या बाजूला सेंट पॉल्सचा घुमट, थेम्स तिथे वळते म्हणून एकाच जागेवरून दोन्ही दिसतं. पूल उतरून साउथ बँकवरून नदीकाठाने टेट मॉडर्न या कलादालनापर्यंत चालत जायचं, मग मिलेनियम ब्रिजवरून सेंट पॉल्स, आणि परत. शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम साडेआठपर्यंत उघडं असतं, नॅशनल गॅलरी नऊपर्यंत, व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम) दहापर्यंत, तिन्हीकडे प्रवेश फुकट, त्यामुळे तीन शुक्रवार तीन जागा. ब्रिटिश म्युझियममध्ये आंध्रातल्या अमरावतीच्या स्तूपाचे दगड आहेत ते चुकवू नका. वाघनखं बघायची म्हणून व्ही अँड एला जाणार असाल तर ती २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आणलीत, आधी साताऱ्याला ठेवली होती. शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरमध्ये उभं राहून बघायचं तिकीट अगदी स्वस्त असतं, पाच-दहा पौंडांपासून, पाय दुखतात पण स्टेज हाताच्या अंतरावर.

एक रविवार मात्र आपल्या माणसांसाठी ठेवा. मी केलेला रस्ता सांगते. वॉरिक अव्हेन्यू स्टेशनला उतरा, तिथे लिटल व्हेनिस म्हणून कालव्याचा भाग आहे, बोटी लागलेल्या असतात. जवळच १०, हॉवली प्लेस. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये या घरात राहिले, चिरोल या इंग्रज पत्रकारावर केलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी ते लंडनला आले होते, खटला हरले. घरावर निळी पाटी आहे. आत जाता येत नाही, लोक राहतात, पाटी बघायची आणि शांतपणे पुढे निघायचं. मग रीजंट्स कॅनॉलच्या काठाकाठाने पूर्वेला चालत राहा, मध्ये थोडं वर रस्त्यावरून जावं लागतं कारण कालवा बोगद्यात शिरतो, पुढे रीजंट्स पार्क, झूच्या कडेने, आणि मग प्रिमरोझ हिल. टेकडी छोटीशीच आहे, आपल्या पर्वतीएवढी पण नाही, पण वरून अख्खं लंडन दिसतं.

टेकडी उतरलं की थोड्या अंतरावर १०, किंग हेन्रीज रोड. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये इथे राहिले. महाराष्ट्र सरकारने हे घर २०१५ मध्ये विकत घेतलं आणि तिथे स्मारक केलंय, वेळा आधी बघून जा. बाबासाहेब १९१६ मध्ये पहिल्यांदा एलएसईला आले, बडोद्याची स्कॉलरशिप संपली म्हणून १९१७ मध्ये अर्धवट सोडून परत जावं लागलं, १९२० मध्ये पुन्हा आले, १९२१ मध्ये एमएस्सी, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डीएस्सी, आणि त्यातच ग्रेज इनमधून बॅरिस्टर. चरित्रात वाचलेलं होतं की दिवसभर लायब्ररीत बसायचे आणि रात्री भूक लागली की पापड भाजून खायचे. त्या दिवशी संध्याकाळी हॉस्टेलच्या किचनमध्ये आईने दिलेला पापड इलेक्ट्रिक शेगडीवर चिमट्याने धरून भाजताना मला रडू आलं. उद्याचा प्रॉब्लेम सेट अर्धा राहिला होता, तो मी त्याच टेबलावर बसून रात्री पूर्ण केला. एलएसईच्या कँपसवर त्यांचा अर्धपुतळा आहे, सिक्युरिटीला विचारलं की सांगतात, पहिल्याच आठवड्यात जाऊन बघा, शेवटच्या दिवसावर ठेवू नका कारण शेवटच्या दिवशी परीक्षा आणि रूम खाली करणं एकत्र येतं.

पॅरिसचं प्रत्येक जण विचारतो. यूकेच्या व्हिसावर जाता येत नाही, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा, वेगळा काढावा लागतो आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही. मिळाली तरी माझं मत नाही म्हणूनच आहे. आमच्या गटातली तिघं गेली आणि सोमवारी क्लासमध्ये झोपेत होती, टेस्ट गुरुवारी. एवढंच बाहेर जायचं असेल तर शनिवारी ग्रिनिचला जा, जाताना नदीतून बोटीने आणि येताना डीएलआरने.

जेवणाचं : नळाचं पाणी पिता येतं, बाटल्या विकत घेऊ नका. दुपारी सुपरमार्केटमधलं मील डील, म्हणजे सँडविच, चिप्स आणि पेय एकत्र, हे सगळ्यात स्वस्त. शाकाहारी असाल तर पाकिटावर लिहिलेलं असतं, अडचण येत नाही. संध्याकाळी किचन असेल तर भात-पिठलं वीस मिनिटांत होतं, बेसन आणि डाळ तिथल्या मोठ्या दुकानात मिळते. भेळ-डोशाची फारच आठवण आली तर युस्टन स्टेशनजवळ ड्रमंड स्ट्रीटवर जुनी भारतीय शाकाहारी हॉटेलं आहेत. आणि एकटं वाटलं तर महाराष्ट्र मंडळ लंडन, १९३२ पासूनचं, डॉलिस हिल भागात त्यांची स्वतःची वास्तू आहे, कार्यक्रम असेल तर आधी विचारून जा. मी गेले तेव्हा एका आजींनी माझी ताटली दोनदा भरली आणि निघताना डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली.

परीक्षा बहुतेक शेवटच्या शुक्रवारी असते, त्यामुळे परतीचं तिकीट शनिवारी रात्रीचं किंवा रविवारचं काढा, शुक्रवारचं नको. निघायच्या आधी कोर्सचा पूर्ण सिलॅबस, लेक्चरच्या स्लाइड्स, प्रॉब्लेम सेट, सगळं डाउनलोड करून घ्या कारण लॉगिन नंतर बंद होतं, आणि क्लास घेणाऱ्या सरांना किंवा मॅडमना प्रत्यक्ष भेटून ईमेल मागून घ्या. ट्रान्सक्रिप्ट नंतर येते, ती आली की सिलॅबसची प्रिंट जोडून लगेच त्याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात द्या, पोच घ्या आणि पोचेचा फोटो काढून ठेवा.